शाळा व्यवस्थापन समिती : जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळेत पालकांचं नेमकं चालतं कुठं?

जून-जुलैचे दिवस. मूल शाळेतून येतं आणि दप्तरातून एक चुरगळलेली चिठ्ठी काढतं. 'उद्या सकाळी ११ वाजता पालक सभा आहे, उपस्थित राहावे.' आईला शेतावर जायचं असतं, वडिलांची कंपनीत पहिली पाळी असते. आजोबा म्हणतात, मी जाऊन येतो. शाळेत जेमतेम पंधरा-वीस माणसं जमलेली असतात. कुणीतरी उठून नावं सुचवतं, कुणीतरी मान हलवतं, टाळ्या वाजतात, चहा येतो. दहा मिनिटांत काम आटोपतं.

या दहा मिनिटांत जे झालं त्याला कायद्याच्या भाषेत शाळा व्यवस्थापन समितीची निवड म्हणतात. पुढची दोन वर्षं मुलांच्या गणवेशाचं कापड कुठून घ्यायचं, शाळेला आलेलं अनुदान कशावर खर्च करायचं, खिचडीचा दर्जा कसा आहे, गळक्या वर्गाचा प्रस्ताव वर पाठवायचा की नाही, हे सगळं त्या समितीसमोर येणार असतं. आणि गावातल्या बऱ्याच लोकांना आपण कुणाला निवडून दिलं हेच माहीत नसतं.

समिती आली कुठून?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा, म्हणजे आपण ज्याला आरटीई म्हणतो तो, २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आरटीई म्हटलं की लोकांना खासगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागा आणि त्यांची लॉटरी आठवते. पण याच कायद्याच्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आहे. विनाअनुदानित खासगी शाळा सोडल्या, तर पहिली ते आठवीच्या प्रत्येक शाळेत ती असायलाच हवी. महाराष्ट्रात त्याआधी गावपातळीवर ग्राम शिक्षण समिती असायची. जून २०१० च्या शासन निर्णयाने तिची जागा या समितीने घेतली.

इथे एक गफलत नेहमी होते. जुन्या लोकांच्या तोंडी 'स्कूल बोर्ड' हा शब्द अजून आहे. पुण्या-कोल्हापुराकडे महापालिकेच्या शाळेला 'बोर्डाची शाळा' म्हणणारी एक अख्खी पिढी आहे. ती शिक्षण मंडळं १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखालची होती. त्यांच्यावर सदस्य निवडून जायचे, पण ते तुमच्या-आमच्या मतांवर नव्हे, नगरसेवकांच्या मतांवर. ही मंडळं रद्द करण्याचा निर्णय राज्याने २०१३ मध्ये घेतला. त्यामुळे आज सरकारी शाळेच्या कारभारात सामान्य माणसाला थेट शिरता येईल असं दार म्हणजे ही समितीच.

समितीत कोण असतं?

महाराष्ट्रात समिती १२ ते १६ जणांची असते. मुख्याध्यापक या संख्येत धरलेले नाहीत, ते सदस्य सचिव असतात. कायदा सांगतो की किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच हवेत. म्हणजे १२ जणांची समिती असेल तर ९ पालक. उरलेल्या तीन जागांवर एक स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी (ग्रामपंचायत सदस्य किंवा नगरसेवक), एक शिक्षकांनी निवडलेला शिक्षक आणि एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ. या तज्ज्ञाची निवड पालक करतात. शिवाय दोन विद्यार्थी बसतात, त्यांना मत नसतं.

एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांची शाळेत जेवढी संख्या, त्या प्रमाणात त्यांच्या पालकांना जागा हव्यात. म्हणजे शाळेतली निम्मी मुलं पारधी वस्तीवरची किंवा ऊसतोड कामगारांची असतील आणि समितीत सगळी नावं गावठाणातल्या दोन-तीन घरांतली असतील, तर ती समिती कायद्याला धरून नाही. एवढ्या एका मुद्द्यावर आक्षेप घेता येतो. प्रत्यक्षात तो फारसा कुणी घेत नाही, कारण आक्षेप घेणाऱ्याला त्याच गावात राहायचं असतं.

अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच निवडायचे असतात. सरपंच, पोलीस पाटील, स्थानिक पुढारी हे केवळ त्या पदामुळे अध्यक्ष होऊ शकत नाहीत. सरपंचांचं मूल त्याच शाळेत असेल आणि पालकांनी त्यांना निवडलं तर गोष्ट वेगळी.

मग निवडणूक होते कशी?

मतपेटी, चिन्ह, प्रचार असं काही नसतं. पालकांची सभा बोलावली जाते आणि त्या सभेतून पालक सदस्य निवडले जातात. बहुतेक ठिकाणी एकमताने किंवा हात वर करून. निवडलेले सदस्य मग आपल्यातून अध्यक्ष-उपाध्यक्ष ठरवतात. दर दोन वर्षांनी समिती नव्याने तयार करायची असते. मूल शाळा सोडून गेलं की पालक म्हणून मिळालेली जागाही जाते.

उमेदवारी अर्ज नसल्यामुळे होतं काय, की सभेला जो हजर असतो तोच मतदार आणि तोच उमेदवार. शंभर मुलांच्या शाळेत वीस पालक आले, तर त्या वीस जणांतला कुणीही समितीत जाऊ शकतो. तुम्हाला यायचं असेल तर करायच्या गोष्टी साध्या आहेत. आत्ताच्या समितीची मुदत कधी संपते ते मुख्याध्यापकांना विचारून ठेवा. सभेची तारीख कळली की वर्गातल्या चार-पाच पालकांना बरोबर घ्या. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप एरवी फक्त 'गुड मॉर्निंग'साठी वापरला जातो, तो या दिवशी कामाला येतो. आणि सभेत स्वतःचं नाव स्वतः सांगायला लाजू नका. महिलांच्या जागा भरताना तर बऱ्याच शाळांत 'कुणाचं नाव लिहायचं?' असा प्रश्न पडलेला असतो. मग सभेला न आलेल्या बाईचं नाव लिहिलं जातं आणि पुढे दोन वर्षं तिच्या नावापुढची सही घरी जाऊन घेतली जाते.

सही घरी जाऊन घेणं ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत जुनी खोड. बैठक झालीच नाही, पण रजिस्टरमध्ये इतिवृत्त आहे आणि खाली बारा सह्या आहेत. अशी सही करणाऱ्या पालकाने एक लक्षात ठेवावं : त्या पानावर खर्चाला मंजुरी लिहिलेली असेल, तर ती मंजुरी त्याने दिलेली असते.

बैठकीत नेमकं काय करायचं?

नियमानुसार महिन्यातून किमान एक बैठक व्हायला हवी. तिचं इतिवृत्त लिहायचं आणि ते लोकांना पाहता यायला हवं. लोकांना म्हणजे फक्त सदस्यांना नव्हे. समितीत नसलेला पालकही मागच्या बैठकीचं रजिस्टर दाखवा असं म्हणू शकतो. कायद्याने समितीला तीन मुख्य कामं दिलीत. शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि आलेल्या पैशाचा वापर तपासणं.

आधी पैशाचं. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ते पटसंख्येवर ठरतं, छोट्या शाळेला काही हजार तर हजारापेक्षा जास्त पट असलेल्या शाळेला एक लाखापर्यंत. यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. रक्कम ऐकून कुणी म्हणेल, एवढ्याशा पैशासाठी कशाला डोकेफोड. पण वीज बिल, खडू, नळाची तोटी, शौचालयाची दुरुस्ती हे सगळं याच पैशातून भागवायचं असतं. शाळेच्या शौचालयाला कडी नाही म्हणून मुलगी दिवसभर पाणी पीत नाही, ही गोष्ट अनेक घरांत आईला माहीत असते आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये कुठेच नसते. ती कडी बसवायला अर्थमंत्र्यांची सही लागत नाही. समितीच्या बैठकीत विषय निघावा लागतो.

दुसरं, मध्यान्ह भोजन, ज्याचं सरकारी नाव आता पीएम पोषण आहे. जेवणाचा दर्जा, स्वच्छता यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांनी याच समितीवर टाकली आहे. सदस्याने कधीही दुपारी जाऊन ताटात काय पडतंय ते बघावं, चाखूनही बघावं. यासाठी कुणाची परवानगी काढायला लागू नये.

गणवेशाची गोष्ट

समितीचा अधिकार काय किमतीचा आहे हे कळायला अलीकडचं एक उदाहरण पुरेसं आहे. समग्र शिक्षामध्ये मोफत गणवेशासाठी एका विद्यार्थ्यामागे वर्षाला ६०० रुपये मिळतात, दोन गणवेशांचे मिळून. बरीच वर्षं ही खरेदी शाळा व्यवस्थापन समिती करायची. गावातल्या किंवा तालुक्याच्या दुकानातून कापड, ओळखीच्या शिंप्याकडून शिलाई, मापं मुलांना समोर उभं करून.

२०२४-२५ साठी राज्य सरकारने 'एक राज्य, एक गणवेश' राबवला. कापड राज्य पातळीवरून येणार, शिलाई महिला बचत गट करणार. कागदावर छान दिसणारी ही योजना अंमलबजावणीत अडखळली. शाळा सुरू होऊन कित्येक आठवडे उलटले तरी अनेक शाळांत गणवेश पोहोचले नाहीत, जे पोहोचले त्यांच्या मापांच्या आणि शिलाईच्या तक्रारी आल्या. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले.

अर्थात समितीकडे खरेदी आली म्हणजे सगळं सुरळीत होतं असंही नाही. ६०० रुपयांत दोन गणवेश शिवणं हेच अवघड गणित आहे. शिवाय पैसे उशिरा आले की दुकानदाराची उधारी मुख्याध्यापकांच्या मानगुटीवर बसते. पण माप चुकलं तर परत कुणाकडे जायचं हे निदान आईला माहीत असतं.

शाळा विकास आराखडा

समितीचं सर्वांत ताकदवान आणि सर्वांत दुर्लक्षित काम हे. आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात दर वर्षाचा वेगळा भाग. पुढच्या वर्षांत कोणत्या इयत्तेत किती मुलं येतील, किती शिक्षक लागतील, कोणत्या खोल्या, भिंती, शौचालयं हवीत आणि त्याला पैसे किती, असं त्यात लिहायचं असतं. आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तो तयार हवा, म्हणजे डिसेंबरअखेर. म्हणून जानेवारीनंतर 'आमच्या शाळेला खोली का नाही' असं विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा पुढच्या वर्षी बघू असं उत्तर मिळतं.

आराखडा लिहिताना आरटीई कायद्याच्या शेवटी जोडलेली अनुसूची समोर ठेवावी. प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, मुला-मुलींसाठी स्वतंत्र शौचालय, पिण्याचं सुरक्षित पाणी, खेळाचं मैदान, कुंपण, पोषण आहारासाठी स्वयंपाकाची जागा, हे सगळं तिथे आहे. तुमची मागणी उपकार म्हणून करायची नसते, ती निकषाला धरून करता येते. शाळेची सध्याची सरकारी नोंद काय आहे हे यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर दिसतं. प्रत्येक शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. कधीकधी तिथे 'शौचालय : वापरात' असं दिसतं आणि शाळेत त्याला कुलूप असतं. हा फरक बैठकीत मांडायला सगळ्यात सोपा मुद्दा.

आराखडा आणि ठराव यांना आज वेगळंच महत्त्व आलं आहे, कारण कमी पटाच्या शाळांचा प्रश्न. वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विषय २०२३ पासून चर्चेत आहे. डोंगरातल्या वाडीवरच्या शाळेसाठी हा जगण्या-मरण्याचा मुद्दा आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असायला हवी. नकाशावर एक किलोमीटर दिसणारं अंतर पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की किती होतं, हे मंत्रालयात कुणाला माहीत असणार? ते लिहून ठेवणारी, तारीख आणि ठराव क्रमांकासह वर पाठवणारी जागा म्हणजे समिती. ठरावाने शाळा वाचेलच असं नाही. पण तोंडी नाराजीची फाईल होत नसते, ठरावाची होते.

माझं मूल त्या शाळेत नाही, मी काय करू?

समितीत पालक म्हणून येता येणार नाही. पण तज्ज्ञाची एक जागा आहे. निवृत्त शिक्षक, अंगणवाडीत काम केलेल्या ताई, गावातच राहणारा एखादा अभियंता यांचं नाव पालक सुचवू शकतात.

गावात याहून मोठी जागा ग्रामसभेची. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. शाळेचं कुंपण, पाणी, वर्गखोलीची दुरुस्ती हे विषय ग्रामपंचायत विकास आराखड्यात घेता येतात. समितीने ठराव केला आणि ग्रामसभेने त्याला दुजोरा दिला, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावरचा तो कागद जरा जड होतो.

वरच्या पातळीवर जिल्हा परिषदेची आणि महापालिकेची शिक्षण समिती असते. तिथे बसतात ते तुम्ही मत दिलेले सदस्य. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत रस्ते आणि गटारांची चर्चा होते, शाळांची क्वचित. आणि या निवडणुकाच झाल्या नाहीत की काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाकडे होता. इतर अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदांचंही तेच. या काळात शिक्षण समितीत प्रश्न विचारणारा निवडून आलेला माणूसच नव्हता. शाळेतली समिती मात्र तेव्हाही होती.

अनुदानित आणि खासगी शाळांचं काय?

अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांतही समिती असते, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिचं काम फक्त सल्ला देण्याचं. विनाअनुदानित खासगी शाळेत ती नसते. तिथे महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती आहे. गंमत म्हणजे तिथे निवडणूक नाही, इच्छुक पालकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून सदस्य ठरतात. फी-वाढीचा प्रस्ताव आधी या समितीसमोर यावा लागतो. २०१८ च्या सुधारणेनंतर पालकांना फीविरोधात विभागीय समितीकडे जायचं तर किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. मोठ्या शाळेत एवढे पालक गोळा करणं किती कठीण आहे, हे ज्यांनी प्रयत्न केला त्यांना विचारा.

अमेरिकेतलं स्कूल बोर्ड म्हणजे हेच का?

नाही. तिथे बहुतेक ठिकाणी स्कूल बोर्ड ही त्या भागातल्या सगळ्या शाळांवरची, थेट लोकांनी निवडून दिलेली संस्था असते. मूल शाळेत असो वा नसो, मतदार असेल तर मत देता येतं. बैठका खुल्या असतात आणि त्यात नागरिकांना बोलायला ठराविक मिनिटं मिळतात. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या मराठी आई-बाबांना मत नसतं, पण त्या वेळेत उठून बोलायला नागरिकत्व लागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत तर २०१६ मधल्या सार्वमतानंतर नागरिक नसलेल्या पालकांनाही स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत मिळालं. आपल्याकडच्या समितीला तेवढे अधिकार नाहीत. शिक्षक नेमणं, अभ्यासक्रम ठरवणं तिच्या हातात नाही. तिचा जोर एका शाळेपुरता.

ऐकलंच नाही तर?

आधी लेखी अर्ज मुख्याध्यापकांकडे, मग केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग. प्रत्येक वेळी पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. आरटीईच्या कलम ३२ नुसार मुलाच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते, तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा, आणि त्यावर अपील महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे करता येतं.

अनुदानाचा हिशेब किंवा इतिवृत्त दाखवायला टाळाटाळ होत असेल तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प अर्जावर लावायचा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. अर्जात 'शाळेच्या कारभाराची माहिती द्या' असं मोघम लिहू नका. 'अमुक ते अमुक तारखेदरम्यान झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांच्या इतिवृत्तांच्या आणि उपस्थितीच्या सह्यांच्या छायाप्रती' एवढंच मागा. पण ही पायरी लगेच गाठू नये. दोन शिक्षकी शाळेत मुख्याध्यापकच वर्ग घेतात, ऑनलाइन माहिती भरतात, पोषण आहाराचा हिशेब ठेवतात. बऱ्याचदा रजिस्टर लपवलेलं नसतं, अर्धवट राहिलेलं असतं. आधी एकदा शाळा सुटायच्या वेळेला जा आणि पुढची बैठक कधी आहे ते विचारा.